ट्रॉम्बोनचा सांधा

रविवारी दुपारी बाबांनी माझ्या हातातला कागद मागितला. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या खोक्यात असतो तो, बारीक अक्षरांचा, आठ घड्या घातलेला. मी तो वाचत होते. छापलेलं काहीही हाती आलं की वाचायचं ही माझी सवय. कॉलेजच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढल्यावर ती जास्तच झाली आहे. “वाचून झालं असंल तर आण इकडे,” ते म्हणाले. मी म्हटलं, “बाबा, यात लिहिलं हाय, एकदम उठून उभं राहायचं नाही.” “मी बसूनच मांगून राह्यलो ना.” त्यांनी कागद घेतला, मांडीवर सपाट केला, घडीवरून नख ओढलं आणि दाढीच्या ब्लेडने बोटभर रुंदीची एक लांब पट्टी काढली. वर्तमानपत्राचा कागद फुगतो, वहीचा जाड पडतो, सिगारेटचा ओल लागली की विरतो. औषधाच्या खोक्यातला कागद तेवढा पातळ असून टिकतो, हे त्यांनी कितीतरी वर्षांच्या अनुभवाने ठरवलं होतं. त्यावर काय लिहिलेलं असतं हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मागच्या ओट्यावर, सावलीत, त्यांच्या पुढ्यात ट्रॉम्बोनचे दोन भाग वेगवेगळे ठेवलेले होते, एक जुन्या सतरंजीवर आणि एक त्यांच्या मांडीवर.

ट्रॉम्बोन म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायचा पितळी बाजा. बाबांचा खर्जाचा होता, नेहमीच्यापेक्षा बराच लांब. इतका, की सगळ्यात खालच्या सुरापर्यंत माणसाचा हात पोचत नाही. म्हणून त्याच्या सरकत्या नळीला लाकडी मुठीचा एक दांडा असतो, तो धरून नळी लांब ढकलायची. हा बाजा बाबांपेक्षा वयाने मोठा. फौजेच्या बँडात ते होते तेव्हा तो तिथे मोडीत निघाला होता, आणि नोकरी संपवून घरी येताना त्यांनी तो मागून घेतला. त्याच बाज्याच्या जोरावर त्यांनी साखरखेर्ड्यात बँडपार्टी उभी केली. बारा माणसं, लाल कोट, पांढऱ्या पट्ट्या. पुढे डीजे आले, पार्टी विस्कटली, पण गावात बाबांना, भगवानरावांना, लोक शेवटपर्यंत मास्तरच म्हणत. भोंग्याचा भाग आणि नळ्यांचा भाग एकमेकांत जिथे बसतात तो सांधा वाजवणाऱ्याच्या डाव्या मुठीजवळ येतो. आताच्या बाज्यांना तिथे पिळून घट्ट करायची आट्यांची चकती असते. इतक्या जुन्याला नसते. भोंग्याचं निमुळतं टोक नळ्यांच्या निमुळत्या तोंडात घालायचं, जरासा पीळ द्यायचा, आणि पितळ पितळाला धरून राहतं. बाबांच्या बाज्याचं पितळ धरत नव्हतं. वाजवता वाजवता भोंगा हळूहळू खाली फिरायचा, म्हणून ही कागदाची पट्टी.

“धर,” ते म्हणाले आणि मी भोंगा धरला. त्यांनी टोकाभोवती पट्टीचे तीन वेढे घेतले, अंगठ्याने दाबले, थुंकी लावली, आणि नळ्यांचा भाग माझ्या हातातल्या भोंग्यावर चढवून पिळला. दरवेळी हे असंच होई आणि दरवेळी माझ्या तळहाताला घाम येई. मग त्यांनी उभं राहून, एकदम उभं राहून, एकच सूर लावला. तो सूर कानांना कळायच्या आधी बरगड्यांना कळतो. न्हाणीवरचा पत्रा थरथरला, शेजारची शेळी ओरडायची थांबली. सूर संपला तेव्हा भोंगा पाव बोट फिरलेला होता. “पाहा,” ते म्हणाले, “मान वळवतेच. तीस बत्तीस वर्षं झाली, रुसेलच हाय माह्यावर.” मी हसले. चार वाजता मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. “पुढच्या रविवारी ते खोकं आणजो. कागद संपला.” “अन् गोळ्या?” “गोळ्या हायेत ना भरपूर.” सोमवारी सकाळी शेजारच्या मंजुळेबाईंचा फोन आला. दूधवाल्यानं आवाज दिला, भगवानराव उठले, अन् तिथंच बसले खाली, असं त्या सांगत होत्या. मी फोन कानाला लावून ग्रंथालयाच्या पायरीवर उभी होते आणि नव्या आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी माझ्या दुसऱ्या हातात होती. ती मी सोडवत राहिले. गाठ सुटेपर्यंत त्यांचं बोलणं संपलं होतं.

तेरवी झाल्यावर घर बंद केलं आणि बाज्याची लाकडी पेटी तेवढी बुलढाण्याला माझ्या खोलीवर आणली. दीड महिना ती कपाटाशेजारी उभी होती. मी सकाळी तिच्या बाजूने जात असे, संध्याकाळी तिच्या बाजूने येत असे. ती उघडायचं काही कारण नव्हतं. एका शनिवारी फरशी पुसताना पेटीखाली पाणी गेलं, म्हणून ती पलंगावर घेतली आणि आत ओल गेली का ते पाहायला उघडली. बाबांनी त्या रविवारी बाजा सोडवलाच नव्हता. आतल्या मखमलीत दोन भागांसाठी दोन वेगळे खाचे असताना तो जोडलेला, तिरका, झाकण जेमतेम बसेल असा कोंबलेला होता. असं त्यांनी कधी केलं नव्हतं, त्या दिवशी थकले असतील. तो बाहेर काढायला म्हणून मी भोंग्याच्या काठाला धरून उचलला. कुणीही तिथेच धरलं असतं, ती जागा धरण्यासाठीच असावी अशी दिसते. भोंगा माझ्या हातात आला आणि नळ्या सुटून गादीवर पडल्या. आवाज झाला नाही. कागदाची पट्टी उलगडून टोकावर लोंबत राहिली, तिच्यावर ‘चक्कर येणे’ एवढी अक्षरं वाचता येत होती. मी तशीच उभी राहिले. हातातलं पितळ गार होतं. हीच चूक, ह्याच हाताने, मी आयुष्यात दुसऱ्यांदा केली होती, आणि पहिल्या वेळी खाली गादी नव्हती.

मी बारा वर्षांची होते. लग्नसराईचे दिवस, दुपार. संध्याकाळी शेंदुर्जनला वरात होती म्हणून बाबा जेवून झोपले होते. आई पापड लाटायला शेजारी गेली होती. बाबांनी चकचकीत करून बाजा मधल्या खोलीच्या दाराला टेकवून ठेवला होता, पीळ न देता नुसता जोडलेला, भोंगा वर. त्या दिवसांत मला शाळेत भाषण पाठ करायला दिलं होतं आणि मला वाटलं, भोंग्यात तोंड घालून बोललं तर आपला आवाज कसा येईल. मी तोंड घातलं. आत पितळेचा आणि ब्रासोचा वास होता, आणि वाफेचा, जुन्या पाण्याचा. मी माझं नाव घेतलं. आवाज जाड, दुसऱ्याच कुणाचा आला, आणि मला तो इतका आवडला की आणखी आत बोलता यावं म्हणून मी भोंगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी घेतला. नळ्यांचा भाग सांध्यातून निसटला, जागच्या जागी खाली टेकला, क्षणभर तोल सांभाळल्यासारखा उभा राहिला, मग कलला, आणि त्याचं वरचं तोंड उंबऱ्याच्या दगडावर आपटलं. फार मोठा आवाज नव्हता. बाबा कुशीवर वळले. मी सगळं पुन्हा एकमेकांत बसवलं. पूर्वीपेक्षा सोपं बसलं, जवळजवळ आपोआप, आणि मला बरं वाटलं की काही बिघडलं नाही.

शेंदुर्जनला वरात मारुतीच्या पारापाशी आली तेव्हा भोंगा फिरला, मग सांध्यातून सुटून खाली पडला आणि घरंगळत नवरदेवाच्या घोडीपुढे गेला. घोडी बिचकली. वऱ्हाडातल्या कुणीतरी तो उचलून टोपीसारखा डोक्यावर घातला आणि नाचला. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी ऐकलं, आमच्या ओट्यावर बसलेल्या वाजंत्र्यांच्या तोंडून. बाज्यांच्या पेट्या जीपच्या टपावर बांधायचं काम गोपालकाकांचं होतं. ते बाबांच्या बाजूला उभं राहून दुसरा मोठा बाजा वाजवत. पार्टीत बाबांचा त्यांच्यावर सगळ्यात जास्त जीव होता. मला खांद्यावर घेऊन त्यांनी पोळा दाखवलेला मला आठवतो. बाबांनी शेंदुर्जनला, भर मांडवापुढे, त्यांना विचारलं, “पाडला का नाही तू? खरं सांग.” त्यांनी मान खाली घातली. बाबांनी त्यांच्या मुस्काटात मारली. वाजंत्री उठून गेल्यावर, त्याच सकाळी, दार मीच उघडलं. गोपालकाका लाल कोटाची नीट घडी घेऊन उभे होते, वर पांढरा पट्टा गुंडाळून ठेवलेला. “मास्तरले देजो,” ते म्हणाले. मी दोन्ही हात पुढे केले. कोट जड होता, त्याला इस्त्रीची ऊब अजून होती. ते वळून फाटकापर्यंत गेले आणि मी तिथे उभी होते. फाटकापर्यंत बावीस पावलं होती. मी ती नंतर पुष्कळदा मोजली आहेत. ‘काका’ म्हणायला तीन पावलंसुद्धा पुरली असती.

नंतर काही सांगण्याचे प्रसंग आले नाहीत असं नाही. फार आले. पहिल्या वर्षी मला मार बसेल म्हणून सांगितलं नाही. मार बसणार नाही इतकी मोठी झाले तेव्हा, इतके दिवस का नाही सांगितलं असं ते विचारतील म्हणून सांगितलं नाही. आई गेली त्या वर्षी बाबांना एकटं वाटू नये म्हणून मी दर रविवारी जाऊ लागले, आणि रविवार बिघडू नये म्हणून सांगितलं नाही. कारणं बदलत गेली, ती दरवेळी खरी होती. मी पुस्तकांतून माणसांनी केलेल्या कितीतरी कबुल्या वाचल्या. त्यांत बोलणारा माणूस बोलून मोकळा होतो आणि पान उलटतं. ऐकणाऱ्याचे पुढचे तीस रविवार कसे जातात ते कुणी लिहीत नाही. मधल्या काळात गोपालकाका बीबी गावी, सासुरवाडीला, जाऊन राहिले आणि बाजे दुरुस्त करू लागले. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा, जालन्यापर्यंतच्या पार्ट्या त्यांच्याकडे बाजे आणत. बाबांना हे माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी म्हणालं, मास्तर, एक चक्कर बीबीला मारा, अर्ध्या दिवसाचं काम आहे, की बाबा उठून पाणी प्यायला जात. जो सांधा अर्ध्या दिवसात नीट झाला असता त्याला त्यांनी बत्तीस वर्षं कागद गुंडाळला, आणि तो गुंडाळताना भोंगा धरायला मला सांगितलं. मला का सांगत? त्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. घरात मीच होते, एवढंच त्याचं उत्तर असावं.

त्या शनिवारी मी पट्टी पुन्हा गुंडाळायला घेतली. जमलं नाही. तीन वेढे, अंगठ्याने दाबणं, सगळं तसंच केलं, पण दुसऱ्या बाजूने धरायला कुणी नव्हतं आणि गुडघ्यांत धरलेला भोंगा फिरत होता. मग मी पेटी बंद केली आणि रविवारी सकाळी मेहकरच्या गाडीत बसले. नीट करून आणू, एवढंच मी स्वतःला सांगितलं होतं. मेहकरला जालन्याची गाडी धरली. पेटी सीटच्या मधल्या वाटेत उभी करावी लागली. कंडक्टरने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मॅडम, तोफ घेऊन चालल्या काय?” “बाजा हाय.” “मंग वाजवा ना, रस्ता तरी कटंल.” मागच्या बाकावरची दोन माणसं हसली. मी खिडकीबाहेर पाहिलं. सोयाबीन निघून गेलेली रानं, मधेच तुरीच्या ओळी, सुलतानपूरनंतर उन्हात पडलेला सरळ रस्ता. दर रविवारी मी ह्या वेळी बाबांकडे जाणाऱ्या गाडीत असायची. शरीराला वार कळतो. साखरखेर्ड्याचा फाटा मागे गेला तेव्हा मी उतरायला म्हणून पिशवी उचलली होती.

गोपालकाकांचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले भोंगे, वाकड्या नळ्या, एक फुटका ढोल. ते स्टुलावर बसून काहीतरी घासत होते. टोपीखाली सगळे पांढरे केस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पेटीकडे पाहिलं. हातातलं खाली ठेवलं, हात पुसले. मग म्हणाले, “मंजू ना तू? मास्तरची मंजू?” मी मान हलवली. “मास्तरच्या मातीले आलो होतो मी. मांगं उभा होतो. तू पाह्यलं नसंल.” मी पाहिलं नव्हतं. आतून त्यांची सून आली, करिष्मा, पंचविशीची, ओढणीला हात पुसत. “ताई, बसा ना. बाबा, खुर्ची तरी द्या, पाहुण्याले काऊन उभं केलं?” “ती पाहुणी नाही, ती मास्तरची मंजू हाय.” “म्हंजे ज्याईनं तुम्हाले पाड्या नाव देलं ते मास्तर?” आणि मग जीभ चावून ती चहा ठेवायला आत पळाली. गोपालकाका हसले. “नाव मास्तरनं नाही देलं. दयारामनं देलं, ताशावाल्यानं. गोप्या पाड्या. आता बम म्हातारा झाला, पण फोनवर अजून तेच म्हणते. नातू बी म्हणते माह्यावाला.” त्यांनी हे असं सांगितलं जसं एखादा आपलं आडनाव सांगतो.

पेटी उघडून त्यांनी बाजा लगेच हातात घेतला नाही. वरून बघत राहिले. मग एका हाताने सांध्याखाली, दुसऱ्याने नळ्यांना, जसा तान्ह्याला मानेखाली हात घालून उचलतात तसा उचलला. जोड सोडवला आणि टोकावरचा कागद पाहून चष्मा वर केला. “अरे बापा. हे त मेडिकलचं दुकान हाय.” नखाने ते एकेक थर सोडवत गेले. वरचा पांढरा, त्याखालचा पिवळा, त्याखाली तपकिरी, शेवटी पितळेला चिकटून बसलेली काळी खरवड, जी त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढली. “इतके वर्षं कागद लावत बसला,” ते म्हणाले, “अन् मी इथंच होतो.” त्यात राग नव्हता, मला तो असायला हवा होता. चहा आला. मी कप हातात धरून बसले, आणि ते, माझ्याकडे न पाहता, टोक कपड्याने कोरडं करत बोलू लागले. “बेटा, तुले एक गोष्ट सांगतो, त्याले नाही सांगता आली. त्या दिवशी शेंदुर्जनच्या वळणावर पेटी घसरली होती टपावर. मले आवाज आला होता. मी म्हटलं, जाऊ दे, काही नाही झालं असंल. मंग त्यानं इचारलं तं माही जबानच हालली नाही. ज्यानं पाडला त्यानं काय बोलावं? त्याची चापट मले लागलीच नाही, खरं सांगतो. वाटलं, बरोबर मारली.”

कप मी खाली ठेवला. बशीवर तो वाजला. मला वाटत आलं होतं, माझ्या तोंडून कधीच न निघालेल्या गोष्टीचा भार एका निर्दोष माणसाने रागाने, अन्याय म्हणून वाहिला असेल. रागाची मी तयारी केली होती, बत्तीस वर्षं. पण या माणसाला ती शिक्षा पटलेली निघाली. त्याने माझा गुन्हा नुसता अंगावर घेतला नव्हता, तो मनापासून केला होता, रोज, जीपच्या त्या वळणावर. दुकानात रॉकेलचा वास कोंदला होता. मला उठून रस्त्यावर जावंसं वाटलं. मी म्हटलं, “काका,” आणि ते म्हणाले, “थांब, दिवा लावतो.”

त्यांनी रॉकेलची चिमणी पेटवली, वात मोठी केली आणि धुराच्या शेंड्यावर भोंग्याचं टोक हळूहळू फिरवलं. पितळ सगळीकडून सारखं काळं झालं. निवू दिलं. मग ते काळं टोक नळ्यांच्या तोंडात घातलं, एकदाच पीळ दिला आणि सरळ बाहेर काढलं. “जिथं पितळ टेकते तिथली काजळी पुसते,” ते मला सांगत होते, एखाद्या शिकणाऱ्याला सांगावं तसं. “झिजला असता तं सगळीकडून अशी फिकी झाली असती.” काजळी फक्त दोन ठिकाणी पुसली होती, समोरासमोर, करंगळीच्या नखाएवढी. बाकी जशीच्या तशी. त्यांनी टोक बाजूला ठेवलं आणि नळ्यांचं तोंड डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग दाराशी उजेडात गेले. काठावरून अंगठा फिरवला, थांबवला, परत फिरवला. “हे झिजेल नाही,” ते म्हणाले. “चपटं झालं. मार हाय हा.” आणि मग, हळू, “पेटीत हे तोंड मखमलीत बसते. चहूकडून लाकूड हाय. पेटी डोंगरावरून लोटली तरी इथं मार लागत नाही.” त्यांनी काठ मला दाखवला. मला पाहायची गरज नव्हती. “इथं पाह्य, खरचटेल. हा दगड हाय. जोडेल बाजा कोणीतरी भोंग्यानं उचलला, नळ्या सुटल्या, अन् दगडावर पडल्या. टपावर नाही पडला हा बाजा. घरी पडला.”

ते स्टुलावर बसले. करिष्मा कप न्यायला आली होती, तीही दारात थांबली. “म्हंजे तुम्ही नाही पाडला?” ती म्हणाली. गोपालकाकांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. त्यांचा चेहरा मोकळा होताना मी पाहत होते आणि मला माझ्या स्वतःच्या चेहऱ्याचं काय करावं ते कळत नव्हतं. “घरी कोण हात लावणार?” ते स्वतःशी बोलावं तसं बोलत होते. “तुही आई, पुष्पावहिनी, त शिवत बी नव्हत्या. तू त एवढीशी होती, पुस्तकात मुंडकं घालून बसे. मंग राह्यला कोण?” आणि मग त्यांचा आवाज बदलला. “मास्तर स्वतःच. झोपंत उचलला असंल, घाईत. अन् चार माणसांत हसू झालं तं नाव माह्यावर टाकलं.” “बाबा, गेलेल्या माणसाचं काऊन काढता,” करिष्मा म्हणाली. “मी काही काढून नाही राह्यलो. चुकते माणूस. पण एक डाव म्हणला असता. गोप्या, माह्याच हातून पडला बे. एवढंच. मी चालत गेलो असतो साखरखेर्ड्याले.”

मग ते कामाला लागले. निमुळती पोलादी कांब त्या तोंडात घातली आणि लाकडी हातोडीने बाहेरून टोकू लागले. हलक्या हाताने, एक टोला, जरा फिरवायचं, पुन्हा एक टोला. मी टोले ऐकत बसले. हे काम संपेपर्यंत मला वेळ आहे असं मी धरून चालले होते. त्या टोल्यांमध्ये मी वाक्यं बनवत होते आणि मोडत होते. सगळीच वाक्यं बाबांना उद्देशून होती. ‘काका’ने सुरू होणारं एकही जमत नव्हतं. त्यांनी तेलात बारीक राख कालवून दोन्ही भागांना लावली, एकमेकांत घालून फिरवलं, घासलं, पुसलं. पुन्हा काजळी धरली. ह्या वेळी टोक बाहेर आलं तेव्हा सगळीकडून सारखं उजळलेलं होतं. त्यांनी कोरडा जोड घातला, जरासा पीळ दिला, आणि माझ्यासमोर बाजा भोंग्याला धरून एका हाताने हवेत उचलला. लांबच्या लांब नळ्या खाली लोंबत होत्या. सुटल्या नाहीत. “आता घेऊन जाय,” ते म्हणाले. “आता कागद नको.”

बाजा पेटीत ठेवताना ते गुणगुणत होते. वरातीची जुनी चाल असावी. मग खिशातून मोबाइल काढला आणि डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधू लागले. “दयारामले सांगतो आता,” ते करिष्माला म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एखाद्या पोराचा आनंद होता. “म्हणा आता पाड्या. म्हणा. म्हणतो, बाजा माह्या हातात हाय, काजळी लावून पाह्यली, मास्तरनंच पाडला अन् माह्या नावानं बोंब मारली. आज संध्याकाळपर्यंत सगळ्या जुन्या पार्टीले मालूम होते पाह्य.” करिष्मा म्हणाली, “स्पीकरवर लावा, मी बी ऐकते.” त्यांनी बटण दाबलं. रिंग जाऊ लागली. मला दुकानाबाहेर उन्हात एक म्हैस उभी दिसत होती आणि तिच्यामागून एक ट्रक गेला. बाबांचं एवढंच उरलं होतं, पाच-सात म्हाताऱ्यांच्या तोंडातलं ‘मास्तर’, आणि ते संध्याकाळपर्यंत राहणार नव्हतं. रिंग गेली. पलीकडून कुणीतरी उचललं, खाकरलं, आणि दुकानभर ऐकू येईल अशा आवाजात म्हणालं, “बोल बे पाड्या.”

“काका, फोन ठेवा,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हॅलो? काऊन बोलत नाही बे?” पलीकडचा आवाज म्हणाला. मी उभी राहिले होते. पेटीचं झाकण माझ्या हाताखाली होतं.

“ठेवू नका. राहू द्या, दयारामकाकांना बी ऐकू द्या. बाबाच्या हातून नाही पडला तो. मी पाडला. दुपारी बाबा झोपेल होते, मी भोंग्यानं उचलला, उंबऱ्यावर पडला. तुम्ही कोट घेऊन आले तवा मले मालूम होतं. बाबाले मी कधीच सांगितलं नाही. मी पाडला, काका.”